अनुकंपा मुक्तता : दहशतवादाच्या गुन्ह्यातील मरणासन्न कैदी

बरा न होणारा आजार जडलेल्या कैद्याला शिक्षेची मुदत संपण्यापूर्वी सोडण्याची कायदेशीर तरतूद म्हणजे अनुकंपा मुक्तता. ही माफी नव्हे. दोष कायम राहतो, सुटकेला अटी असतात आणि त्या मोडल्यास कैद्याला पुन्हा आत घेता येते. इतर गुन्ह्यांतील अशा सुटकेची सहसा कोणी दखल घेत नाही. कैदी दहशतवादाच्या गुन्ह्यातला असला की मात्र मूळ प्रश्नच ऐरणीवर येतो : ज्याने कोणाची गय केली नाही, त्याच्यावर दया का करायची?

या वादात सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण लॉकरबीचे. २१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचे विमान स्कॉटलंडमधील या गावावर बॉम्बस्फोटाने कोसळले. विमानातील २५९ आणि जमिनीवरील ११ असे २७० जण ठार झाले. लिबियाचा अब्देलबासेत अल-मेग्राही २००१ मध्ये दोषी ठरला. २००८ मध्ये त्याला पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग असल्याचे निदान झाले. २० ऑगस्ट २००९ रोजी स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकअॅस्किल यांनी त्याला १९९३ च्या कायद्याखाली सोडले. उर्वरित शिक्षेसाठी त्याला लिबियाकडे सोपवावे, हा वेगळा अर्ज त्यांनी त्याच वेळी फेटाळला, कारण शिक्षा स्कॉटलंडमध्येच भोगली जाईल असा मृतांच्या अमेरिकी नातेवाइकांचा समज करून देण्यात आला होता. तेथील मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण तीन महिन्यांचे आयुष्य उरलेल्या कैद्याचा अनुकंपा मुक्ततेसाठी विचार होतो. मेग्राही मे २०१२ मध्ये वारला, म्हणजे सुटकेनंतर पावणेतीन वर्षांनी. त्रिपोलीच्या विमानतळावर त्याचे जल्लोषात स्वागत झाले आणि गर्दीत स्कॉटलंडचे झेंडेही फडकले. नातेवाइकांच्या जखमेवर मीठ चोळणारा हा प्रकार सुटकेइतकाच निषेधार्ह होता, असे म्हणणे चूक ठरेल. तो अधिक निषेधार्ह होता. सुटकेमागे निदान कायद्याचा विचार होता.

स्पेनमध्ये २०१२ साली ईटीए या सशस्त्र बास्क फुटीरतावादी संघटनेचा कैदी बोलिनागा कर्करोगामुळे सुटला. त्याने व साथीदारांनी एका तुरुंग-अधिकाऱ्याला मोंद्रागोन येथील कारखान्याखालच्या ओलसर, कोंदट भुयारात ५३२ दिवस डांबून ठेवले होते. तोही अंदाजापेक्षा बराच काळ जगला आणि जानेवारी २०१५ मध्ये वारला. फ्रान्समध्ये ‘अॅक्सिऑं दिरेक्त’ या सशस्त्र अतिडाव्या गटाची जोएल ऑब्रों मेंदूतील गाठीमुळे २००४ मध्ये सुटली व २००६ मध्ये मरण पावली.

अमेरिकेतील लिन स्टुअर्ट ही वकील होती. तुरुंगातील आपल्या अशिलाचे निरोप बाहेर पोहोचवून दहशतवादाला साहाय्य केल्याबद्दल ती दोषी ठरली. तिचा स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरला होता, तरी तुरुंग खात्याने शिफारस केल्याशिवाय न्यायालयाला काही करता येत नव्हते. ती शिफारस आल्यावर २०१३ च्या अखेरीस तिची सुटका झाली. २०१८ च्या कायद्याने कैद्याला थेट न्यायालयात दाद मागण्याची वाट खुली केली. स्टुअर्ट आणि मेग्राही यांच्या गुन्ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी दोघांचीही गणना दहशतवादाच्याच दोषींत होते. म्हणूनच गुन्ह्याचे नाव पाहून सरसकट दार बंद करणे न्याय्य नाही; प्रत्येकाचे कृत्य आणि त्याच्याकडून उरलेला धोका तपासावाच लागतो.

धोक्याचा हा निकष आजाराच्या निकषाइतकाच महत्त्वाचा आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस शस्त्र उचलणार नाही, पण आदेश देऊ शकतो, आणि संघटना त्याच्या अंत्ययात्रेचा मेळावा करू शकते. दुसरीकडे, तुरुंगात ठेवायचे तर शासनाची जबाबदारी वाढते. २००२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फ्रान्सविरुद्धच्या एका खटल्यात, केमोथेरपीसाठी नेताना कर्करोगग्रस्त कैद्याला बेड्या घालणे अमानुष वागणुकीत मोडते, असे ठरवले. आजारी कैद्याला सोडलेच पाहिजे, असे मात्र या न्यायालयाने म्हटले नाही.

वैद्यकीय अंदाजाचे करायचे काय, याचे उत्तर अजून कोणाकडे नाही. मरणाची तारीख डॉक्टर सांगू शकत नाहीत, आणि कैदी जगला म्हणून सुटका लबाडीने झाली असेही ठरत नाही. देखरेख मात्र चोख हवी. मेग्राहीवरील देखरेख स्कॉटलंडमधील ईस्ट रेन्फ्रूशायर परिषदेकडे होती आणि ती दूरध्वनीवरून चाले. २०११ मध्ये त्रिपोलीत बंडखोर शिरल्यावर काही दिवस त्याचा ठावठिकाणाच लागेना. हजारो किलोमीटरवरच्या परिषदेला त्याच्या घरच्यांशी संपर्क होण्याची वाट पाहावी लागली.