‘नॉर्मल’ म्हणजे नेमके किती? घरी बांधलेल्या विमानांतील सुपरचार्जरची पार्श्वभूमी

मे महिन्यातल्या दुपारी नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवर पारा ४० अंशांवर गेला, की बाहेरची हवा स्वतःच ओढून घेणारे साधे इंजिन कळसूबाईच्या माथ्यावर चढवल्यासारखे वागते. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. पण त्या उष्म्यात हवा इतकी विरळ होते, की प्रमाण वातावरणात तेवढी विरळ हवा ५,३०० फुटांच्या आसपास मिळेल. कळसूबाई ५,४०० फूट. कागदावर १०० हॉर्सपॉवर असलेल्या इंजिनातून अशा वेळी ८३-८४ निघतात. म्हणून घरी विमान बांधणारा माणूस कधी ना कधी सुपरचार्जरपाशी, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रापाशी, येतोच.

कल्पना विमानाहून जुनी आहे. दोन पाळ्यांचा रूट्स ब्लोअर १८६० सालचा. तो भट्टीत हवा मारायचा. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर टर्बाइन फिरवून हवा दाबण्याचे, म्हणजे टर्बोचे, पेटंट एका स्विस अभियंत्याचे, १९०५ सालचे. १९१८ मध्ये अमेरिकेत एक व्ही-१२ विमान इंजिन १४,००० फुटांवरच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन तपासले. तिथे साधे चालवले तर २३० हॉर्सपॉवर, टर्बो लावल्यावर ३५६. पुढचे महायुद्ध, दोन टप्प्यांचे सुपरचार्जर आणि १०० ऑक्टेन पेट्रोल ही कथा वाचकांना पाठ असेल. 

घरबांधणीवाल्यांच्या हाती हे तंत्र उशिरा आले. अमेरिकेत हौशी विमानांचा वेगळा वर्ग १९५० च्या दशकात रुजला. त्यात इंजिन प्रमाणित असण्याची सक्ती नव्हती. इंजिन आणि पंखा (प्रॉपेलर) यांची प्रमाणित जोडी असेल तर २५ तास चाचणी-उड्डाण, नसेल तर ४० तास. एवढ्या मोकळिकीवर मोटारींची इंजिने विमानांत शिरली आणि त्यांच्यामागून मोटारींचे ब्लोअरही आले.

घोळ झाला तो ‘नॉर्मलायझिंग’ या शब्दाने. १९७० च्या दशकात चार आसनी कारखानी विमानांत टर्बो आले तेव्हा दोन पंथ पडले. एक इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) ७.५ पर्यंत उतरवून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीत, ४० इंच पाऱ्याइतका दाब भरणारा, म्हणजे बूस्टवाला. दुसरा ८.५ चे मूळ कॉम्प्रेशन तसेच ठेवून वर गेल्यावर फक्त समुद्रसपाटीचा ३० इंच दाब टिकवणारा, म्हणजे नॉर्मलायझिंगवाला. दुसऱ्या पंथात इंजिनावर नवा ताण येत नाही, असे सांगितले जाई. टर्बोला चांगला वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर ते बरेचसे खरेही आहे. पण हाच शब्द पट्ट्यावर फिरणाऱ्या ब्लोअरला चिकटला, आणि तिथे तो जवळजवळ खोटा ठरतो.

हिशेब करून पाहू. २,००० सीसीचे इंजिन ३,००० फेऱ्यांना, ८५ टक्के भरण धरून, मिनिटाला सुमारे २,५५० लिटर हवा गिळते. प्रतिफेरा ५०० सीसीचा ब्लोअर अडीचपट पुलीवर ७,५०० फेरे फिरतो आणि गळती वजा जाता ३,२०० लिटरच्या आसपास हवा ढकलतो. दाब साधारण सव्वापट. ६,००० फुटांवर बाहेर २४ इंच असतात, त्याचे ३० झाले, ‘नॉर्मल’ साधले. पण पुली तीच आणि विमान मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेले असेल, तर पूर्ण थ्रॉटलला गेज ३७ च्या पुढे जाते. मध्ये वेस्टगेट नाही. वैमानिकाचा हात हाच वेस्टगेट. गो-अराउंडच्या, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याच्या, घाईत तो हात थ्रॉटल पुढे ढकलताना गेजकडे बघेल, ही अपेक्षा भाबडी आहे. ब्लोअरनंतर दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंवा थ्रॉटलला यांत्रिक अडसर नसेल, तर ‘नॉर्मलायझिंग’ हा शब्द वापरू नये.

नाशिकपुरती दुसरी मेख अशी, की नॉर्मल करायचे ते काय: दाब, घनता की शक्ती? इथे इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड गेज २८ इंचांच्या आसपास दाखवते. म्हणजे तूट उंचीमुळे सात टक्के आणि उष्णतेमुळे आठ टक्के. ब्लोअर पहिली भरून काढतो, दुसरी वाढवतो. ४० अंशांची हवा सव्वापट दाबली, ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर ती ७७ अंशांवर बाहेर पडते. दाब २५ टक्के वाढला, घनता जेमतेम बारा. त्यातून ब्लोअर फिरवायला दोन-तीन हॉर्सपॉवर जातात ते वेगळेच. इंटरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा रेडिएटर) बसवला तर घनतेचा फायदा १८-१९ टक्क्यांपर्यंत जातो. त्याचे वजन आणि वाऱ्याला होणारा अडथळा मात्र विक्रेत्याच्या पत्रकात नसतो.

कार्ब्युरेटर कुठे ठेवायचा, यावरही बरीच वर्षे वाद चालला. ब्लोअरच्या आधी ठेवला तर जोडणी सोपी आणि पेट्रोलच्या वाफेने हवा गारही होते; पण सगळी नळी स्फोटक मिश्रणाने भरलेली राहते. एक बॅकफायर ब्लोअरचे केसिंग फोडतो, आणि इंटरकूलर लावावा तर त्यात पेट्रोल साठते. ब्लोअरनंतर ठेवला तर फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) श्वासनळीलाही बूस्टचाच दाब द्यावा लागतो, आणि पेट्रोलचा दाब त्याहून सुमारे पाव बार वर राखणारा रेग्युलेटर लागतो. हे चुकले की नेमके टेकऑफला मिश्रण पातळ होते, इंजिन नॉक करते (मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप भडकते) आणि पिस्टनला भोक पडते. जुन्या फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या इंजिनात पंखा क्रँकच्या पुलीकडच्या टोकाला बसवतात. तिथे पट्ट्याची बाजूची ओढही आली, तर क्रँक तुटण्याची भीती वाढते.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रियातून ११५ हॉर्सपॉवरचे तयार टर्बो इंजिन आले, वेस्टगेट इलेक्ट्रॉनिक पेटीच्या ताब्यात, पूर्ण शक्ती फक्त पाच मिनिटे. त्यानंतर पट्टेवाल्यांची गर्दी ओसरली. पुढे त्याच घराण्यातले इंटरकूलरचे १४१ हॉर्सपॉवरचे इंजिन १५,००० फुटांपर्यंत शक्ती टिकवू लागले. भारतात घरी बांधलेली विमाने मोजकीच; मुंबईत गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. ओझरला साठच्या दशकापासून मिग जुळले, पण ते जेट. मॅनिफोल्ड प्रेशरची भाषा तिथून आली नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या लेथवर पुली हवी तशी कातून मिळते, त्यामुळे दोन-तीन मापांच्या पुल्या जवळ ठेवता येतात. पेट्रोलपंपावरचे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे पेट्रोल वापरायचे असेल, तर रबरी नळ्या आणि सील आधी बदलावेत. आणि इग्निशनचे टायमिंग निफाडला जानेवारीच्या थंडीत ठरवू नये. १० अंशांच्या हवेत ब्लोअरमधून ४४ अंशांची हवा निघते, मेमध्ये ७७ ची. जानेवारीत गोड चाललेले इंजिन त्याच टायमिंगवर मेमध्ये नॉक करेल, आणि पंख्याच्या आवाजात ते ऐकूही येणार नाही.