कारभार आणि राज्यसत्ता: एक समजल्या जाणाऱ्या दोन गोष्टी

मुक्त समाजाला सरकार लागते का, हा वाद मी जितक्या वेळा ऐकला आहे तितक्या वेळा दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताना दिसल्या आहेत. एकाच्या डोळ्यांसमोर तंटे मिटवणारी, नियम पाळायला लावणारी घडी असते. दुसऱ्याला दिसतो तो कर वसूल करणारा आणि तुरुंगात टाकणारा अधिकार. आपली भाषाही या गोंधळात भर घालते. 'शासन' म्हणजे सरकार, आणि 'शासन' म्हणजे शिक्षासुद्धा. 'अराजक' म्हणजे मुळात राजा नसणे. पण आपण तो शब्द बेबंदशाहीसाठी वापरतो. राजा नाही म्हणजे नियमही नाही, हे त्या एका शब्दात न बोलता ठरून गेले आहे.

म्हणून पहिल्या गोष्टीला मी कारभार म्हणतो आणि दुसरीला राज्यसत्ता.

कारभार कसा असतो ते स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या डोंगरी गावात पाहावे. तिथला 1517 सालचा एक नियम सांगतो, की हिवाळ्यात जितक्या गायी तुम्हाला पोसता येतात तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड. दंड वसूल करणाऱ्या गावच्या माणसाला त्यातला अर्धा स्वतःकडे ठेवता येई, त्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून मोजणी करत असणार. सामाईक संपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात यावर काम करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे उदाहरण जगापुढे मांडले. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नियम आहे, पहारा आहे, शिक्षा आहे. ज्यांच्यासाठी नियम, त्यांनीच तो केलेला आहे.

राज्यसत्ता म्हणजे काय, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी 1919 च्या एका व्याख्यानात सांगितले: ठरावीक भूभागात वैध बळ वापरण्याची मक्तेदारी आपलीच असल्याचा दावा जी यशस्वीपणे करते, ती. इथे कळीचा शब्द मक्तेदारी. नियम करणारे अनेक असू शकतात, पण शेवटचा दंडुका एकाच्याच हातात.

तर मग कारभार पुरेसा आहे, राज्यसत्ता नकोच, असे म्हणावे का? मला तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण आइसलँड. तिथे 930 पासून सर्वांची एक सभा भरत होती, कायदे होते, न्यायालये होती. पण राजा नव्हता आणि निकाल बजावणारी यंत्रणाही नव्हती. खटला जिंकलात तर वसुली तुमची तुम्ही करायची. दुबळ्या माणसाला आपला दावा एखाद्या बलवानाकडे सोपवावा लागे. स्थानिक पुढारी, म्हणजे गोदी, निवडण्याची आणि बदलण्याची मुभा शेतकऱ्यांना होती, आणि ही मुभा खरी होती तोवर व्यवस्था चांगलीच टिकली. मात्र पुढारपण ही विकत घेता येणारी वस्तू होती. हळूहळू ती पदे मोजक्या घराण्यांकडे गोळा झाली, पुढारी बदलण्याची मुभा नावापुरती उरली, रक्तपात वाढला आणि 1262 पासून तिथल्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचे आधिपत्य पत्करले. राज्यसत्ता नसतानाही वरचा थर तयार झालाच. हातात निकाल असूनही तो बजावता न येणारा माणूस ज्या समाजात आहे, त्याला मी मुक्त म्हणणार नाही. तेवढ्या कामापुरती सगळ्यांवर चालणारी सत्ता लागते, असे माझे मत आहे.

पण त्या कामापुरतीच ती क्वचित थांबते; समाजातले वर्गही ती घडवते. वर्ग कुठून येतात याचे उत्तर आपण सहसा बाजारात शोधतो: ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल तो वर, बाकीचे खाली. ती जमीन त्याच्याकडे आली कशी, हे मात्र बरेचदा विचारायचे राहून जाते. 1348-49 च्या प्लेगनंतर इंग्लंडमध्ये मजूर कमी पडले आणि मजुरी वाढली. बाजार मजुरांच्या बाजूने झुकला होता. 1351 च्या कायद्याने मजुरी प्लेगपूर्वीच्या दरांवर बांधून टाकली. जास्त मागणाऱ्याला शिक्षा.

पुढे गोष्ट पुन्हा कुरणांवरच येते. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने सामाईक जमिनींना कुंपण घालून त्या खाजगी मालकीच्या करणारे 5,200 हून अधिक कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन त्यांखाली आली. कुंपणाला गावाची संमती मोजताना डोकी मोजली जात नसत, जमिनीचा वाटा मोजला जाई. ज्याची एकच गाय सामाईक कुरणावर चरत होती, त्याचे मत जवळजवळ शून्य. टोर्बेलच्या कारभाराने जे राखले, तेच इथे राज्यसत्तेने वाटून दिले, आणि ज्यांचे चराईचे हक्क गेले त्यांतले अनेक जण केवळ मजुरीवर जगू लागले.

राज्यसत्ता मुक्त करते तेव्हाही ती वर्ग घडवत असते. रशियात 1861 मध्ये भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, स्वतंत्र झाले. ही खरोखर मोठी गोष्ट होती. पण मिळालेल्या जमिनीचे पैसे त्यांना सरकारला 49 वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे होते, आणि हप्त्यांची जबाबदारी गावसमूहावर असल्याने गाव सोडून जाणेही कठीण झाले. उरलेले हप्ते 1907 पासून रद्द झाले.

1917 च्या बोल्शेविक क्रांतीनंतर तिथे जमीनदारही गेले आणि कारखानदारही. मालकी म्हणजेच वर्ग असता तर तिथे वर्ग उरायलाच नको होता. उलट नेमणुकांच्या याद्यांमधून वर चढणारा अधिकाऱ्यांचा थर उभा राहिला. त्याची दुकाने वेगळी, रुग्णालये वेगळी, सुटीतली घरे वेगळी. यांतले काहीच कागदोपत्री त्यांच्या मालकीचे नव्हते. पदासोबत ते मिळत होते आणि पद गेले की जात होते.