पाळी जाताना वजनकाटा काय सांगत नाही

पंचेचाळिशीच्या आसपास बाईच्या अंगात काहीतरी बदलतंय हे डॉक्टरच्या आधी ड्रेस शिवणारीला कळतं. जुन्या मापाचा कुडता खांद्यात नीट बसतो, पोटावर मात्र ताणतो. वजन पाहिलं तर दोन वर्षांत जेमतेम किलोभर वाढलेलं असतं. मग एवढं पोट आलं कुठून?

‘पाळी जायला आली की वजन वाढतंच’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात खरं किती, हे कुणी तपासत नाही. अमेरिकेत ते तपासलं गेलं. ‘स्वान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात वेगवेगळ्या वंशांच्या तीन हजारांहून जास्त स्त्रियांची चाळिशीपासून पुढे वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यांतल्या अनेकींची चरबी आणि स्नायू डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्रावर वेगवेगळे मोजले. २०१९ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. वजन वयाबरोबर जसं हळूहळू वाढत होतं तसंच वाढत राहिलं, पाळी अनियमित झाली म्हणून त्याला वेग आला नव्हता. पण चरबी वाढण्याचा वेग त्याच काळात दुप्पट झाला होता आणि स्नायू घटू लागले होते. काटा बिचारा दोन्हींची बेरीज दाखवतो, त्यामुळे आतली अदलाबदल त्यात दिसतच नाही. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांनी हा वेग ओसरला.

चरबी साठण्याची जागाही बदलते. बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन आहे तोवर चरबी मांड्यांवर आणि नितंबांवर साठण्याकडे कल असतो. ते कमी झालं की ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती जमते. ही आतली चरबी गप्प पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं होतं आणि मधुमेह, हृदयविकार यांची वाट मोकळी होते. इस्ट्रोजेन सरळ रेषेत उतरतं असंही नाही. शेवटच्या काही वर्षांत ते एका महिन्यात खूप चढतं, पुढच्या महिन्यात आपटतं. चिडचिड, रडू येणं, छातीत धडधड हे बऱ्याचदा या हेलकाव्यांचं असतं, आणि घरात त्याला ‘हल्ली हिचा स्वभाव बदललाय’ असं नाव मिळतं.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ भारतीय शरीर आतून चरबी बाळगून असतं. त्यात पाळी जाण्याचं वय आपल्याकडे सरासरी ४६-४७, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी.

त्याहून वाईट अवस्था गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायकांची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा ऑपरेशनांची बातमी २०१९ मध्ये गाजली. कित्येकींनी ऐन तिशीत पिशवी काढून घेतली होती. सोबत बीजांडकोशही काढले तर जे वर्षानुवर्षांत व्हायचं ते काही दिवसांत होतं. ते ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ सरासरीने अलीकडे येतो. हाडं ठिसूळ होण्याचं वयही मग तेवढंच अलीकडे सरकतं.

‘मेटाबॉलिझम मंदावला’ ही सबब मात्र फारशी टिकत नाही. २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक माणसांचा ऊर्जाखर्च प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकाराचा हिशेब जमेस धरला तर वीस ते साठ या वयात तो जवळपास स्थिर निघाला. स्नायू घटले की खर्च घटतो, हे खरं. म्हणून उपास करून वजन उतरवणं या वयात उलट अंगाशी येतं, कारण चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनं उचलण्याचा व्यायाम आणि पानात पुरेशी डाळ, उसळ, दही, अंडी यांनी जास्त फरक पडतो.

आणि झोप. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे. इस्ट्रोजेन घटलं की त्याच्या आसपासच्या काही चेतापेशी बेलगाम होतात आणि रात्री दोन वाजता अंगातून वाफा निघतात. स्वानमध्ये ज्यांना वाफांचा त्रास वारंवार होत होता, त्यांतल्या निम्म्या जणींना तो सात वर्षांहून जास्त काळ पुरला. झोप मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, चालायचा कंटाळा येतो; पोटाचं गणित इथूनही बिघडतं. त्याच चेतापेशींना आवर घालणारं, हार्मोन नसलेलं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं.

हार्मोनच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी नसतात, पण वाफा आणि झोप यांवर त्यांच्याइतकं परिणामकारक फारसं काही नाही. २००२ मधल्या एका मोठ्या चाचणीने त्यांची धास्ती बसवली, तेव्हा त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कित्येक वर्षं झाली होती, हे सांगायचं मात्र राहून गेलं. कुणाला द्यायच्या, कुणाला नाही हे डॉक्टरच ठरवतील. थायरॉइडही त्याच वेळी तपासून घ्यावा, त्याची लक्षणं अगदी अशीच असतात.

घरच्या घरी पाहायचं तर काट्यापेक्षा शिवणाची टेप बरी. भारतीय स्त्रीसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढायचं नाही.