शेजारच्या पेशीला कळता कामा नये

१९५८ साली स्टुअर्ट मॅडिन आणि नॉर्मन डार्बी या अमेरिकी संशोधकांनी एका कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीच्या मूत्रपिंडातून काही पेशी काढल्या आणि प्रयोगशाळेत वाढवल्या. ती कुत्री कधीच गेली, पण तिच्या पेशींचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. ‘एमडीसीके’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशींवर फ्लूचा विषाणू इतका जोमाने पोसला जातो की, कोंबडीच्या अंड्यांऐवजी या पेशींत विषाणू वाढवून माणसांसाठी फ्लूची लस बनवली जाते. अमेरिकेत अशा लसीला २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

या पेशी आजारी नाहीत, दुबळ्याही नाहीत. विषाणू शिरल्याचे त्यांना कळते, त्या धोक्याची सूचना देतात, आणि त्या सूचनेनुसार ‘एमएक्स’ नावाचे संरक्षक प्रथिनही तयार होते. उंदरांत आणि माणसांत हे प्रथिन फ्लूच्या विषाणूला अडवते. कुत्र्याचे एमएक्स मात्र फ्लूपुढे निष्प्रभ ठरते. पहारेकरी वेळेवर हजर होतो, पण या चोरापुढे त्याचे काहीच चालत नाही.

फ्लूचे नशीब चांगले म्हणायचे. कुत्र्यांचे म्हणून जे खास विषाणू आहेत, त्यांना अशी सवलत नाही. त्यांची गाठ कामाच्या पहारेकऱ्यांशी आहे. मग ते काय करतात? पहारेकऱ्याशी झुंजत बसण्यापेक्षा त्याच्यापर्यंत निरोपच पोचू देत नाहीत.

हा निरोप नेमका काय असतो, ते आधी पाहू. पेशीला विषाणू ‘दिसत’ नाही. आपल्या घरात काहीतरी वेगळे आहे, एवढेच तिला जाणवते. पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे जनुकातल्या मजकुराच्या कामापुरत्या प्रतीच्या, टोकावर एक रासायनिक टोपी असते. विषाणूच्या आरएनएचे टोक पुष्कळदा उघडे असते. शिवाय लांबलचक दुपदरी आरएनए निरोगी पेशीच्या पेशीद्रवात सहसा आढळत नाही, विषाणूची नक्कल चालू असताना मात्र तो तयार होऊ शकतो. रिग-आय आणि एमडीए-५ ही दोन प्रथिने अशाच खुणा हुंगत असतात. खूण सापडली की साखळी सुरू होते आणि पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडते. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी ते १९५७ मध्ये शोधले. (पुढे १९६२ मध्ये फ्लूला दाद न देणारे उंदीर नोंदवले तेही याच लिंडेनमननी, आणि त्यातूनच एमएक्सचा माग लागला.)

ज्या पेशीने इंटरफेरॉन सोडले, ती स्वतः पुष्कळदा वाचत नाही. तो निरोप मुख्यतः शेजाऱ्यांसाठी असतो. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर इंटरफेरॉन टेकले की आत स्टॅट-१ आणि स्टॅट-२ ही प्रथिने जागी होतात, जोडीने केंद्रकात जातात आणि तिथे शेकडो जनुके चालू होतात. त्यांतून तयार होणारी काही प्रथिने आरएनएचे तुकडे पाडायला लावतात, काही प्रथिननिर्मितीच थांबवतात. विषाणू त्या पेशीत शिरेपर्यंत तिथली चूल विझवून ठेवलेली असते.

कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या आजाराचा विषाणू गोवराच्या विषाणूचा सख्खा नातलग. कुत्र्याच्या जनुकसंचात सुमारे वीस हजार प्रथिन बनवणारी जनुके असतात, याच्याकडे मोजून सहा. एवढ्या भांडवलात त्याला पेशीत शिरायचे, स्वतःच्या नकला काढायच्या, बाहेर पडायचे आणि वर निरोपही अडवायचा. यासाठी त्याने जी काटकसर साधली आहे, तिला माझ्या मते तोड नाही. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. समजा मजकूर आहे ‘कमल गरज वळण’. ‘कमल’ नंतर एकच ‘न’ घुसवा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे तोडा: ‘कमल नगर जवळ ण…’. सुरुवात तीच, पुढचा अर्थ पार वेगळा. डिस्टेंपरचा विषाणू ‘पी’ नावाच्या जनुकाची प्रत काढताना काही प्रतींत अगदी असेच एक जादा अक्षर घालतो. सरळ प्रतीतून नकला काढायला मदत करणारे पी प्रथिन मिळते, तर अक्षर घातलेल्या प्रतीतून व्ही नावाचे. दोघांचा सुरुवातीचा भाग सारखा, शेपूट निराळे. त्याच जनुकातून वाचनाची सुरुवात थोडी पुढे सरकवून सी नावाचे तिसरे प्रथिनही निघते.

व्ही प्रथिन दोन ठिकाणी आडवे येते. ते एमडीए-५ला चिकटते, त्यामुळे धोक्याची खूणच नीट वाचली जात नाही. तरीही कुठून निरोप निघालाच, तर स्टॅट-१ आणि स्टॅट-२ यांना धरून ठेवते. ती केंद्रकापर्यंत पोचतच नाहीत.

आणि हे सगळे घडते कुठे? विषाणूला पकडायला जाणाऱ्या पांढऱ्या पेशींतच. डिस्टेंपरचा विषाणू ज्या स्लॅम नावाच्या दारातून आत शिरतो, ते दार प्रतिकारयंत्रणेच्या पेशींवरच असते. श्वासातून आलेला विषाणू आधी त्यांना गाठतो, लसिकाग्रंथींत पसरतो आणि मग नेक्टिन-४ या दुसऱ्या दारातून श्वसनमार्ग, आतडी आणि त्वचेच्या आवरणपेशींत उतरतो. नाक-डोळे वाहणे आणि जुलाब सुरू होतात तोवर पांढऱ्या पेशींची संख्या घसरलेली असते, म्हणून इतर जंतूही हात धुऊन घेतात. व्ही प्रथिनाचे महत्त्व फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावरच्या प्रयोगांतून कळले. फेरेटांना डिस्टेंपर सहसा जिवंत सोडत नाही, पण व्ही काढून घेतलेला विषाणू दिला तेव्हा तो प्राणघातक ठरला नाही.

रेबीजच्या विषाणूकडे याहून एक जनुक कमी, म्हणजे पाचच. निरोप अडवण्याचे काम तिथे पी प्रथिनाकडे आहे. इंटरफेरॉन बनवण्याचा आदेश घेऊन जाणाऱ्या आयआरएफ-३ या प्रथिनाला ते जागेच होऊ देत नाही. स्टॅट-१च्या बाबतीत त्याची निवड बारीक आहे. झोपलेल्या स्टॅट-१कडे ते फारसे लक्ष देत नाही, जागे होऊन निघालेल्यालाच धरते.

पण डिस्टेंपर आणि रेबीज यांचे हेतू वेगळे आहेत, आणि हा फरक समजला की रेबीज जास्त भीतिदायक वाटू लागतो. चावल्याच्या जागेवरून हा विषाणू मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूतून उलट दिशेने मेंदूकडे सरकतो. वाटेतली पेशी मेली तर रस्ताच खचला. प्रयोगशाळेत मवाळ झालेले रेबीजचे काही वाण चेतापेशींना आत्मनाशाकडे ढकलतात, आणि त्यामुळेच त्यांचा प्रसार खुंटतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांतला जहाल विषाणू पेशी शाबूत ठेवतो, पृष्ठभागावरचे प्रथिनही बेताने बनवतो. रेबीजने मेलेल्या प्राण्याच्या मेंदूत आजाराच्या मानाने नासधूस थोडी दिसते, त्यामागे बहुधा हेच कारण आहे. पिसाळून दुसऱ्याला चावायचे, तर चावणाऱ्याचा मेंदू तोवर चालू असावाच लागतो.

कुत्र्यांच्या पार्वो या विषाणूची तऱ्हा न्यारी. तो डीएनएवाला, एकपदरी, जेमतेम पाच हजार अक्षरांचा. डीएनएची नक्कल काढणारे स्वतःचे यंत्र त्याच्याकडे नाही, म्हणून पेशी स्वतःच्या विभाजनासाठी ते यंत्र सुरू करीपर्यंत तो थांबून राहतो. सतत विभाजन चालू असते ती आतड्याच्या आतल्या खळग्यांत आणि अस्थिमज्जेत, आणि घाव बसतो तोही तिथेच. मांजरांच्या विषाणूपासून झालेले हे कुत्र्यांचे रूप १९७८ मध्ये ओळखले गेले आणि दोनेक वर्षांत जगभर पोचले. त्याआधी कुत्र्याला तारत होती एक किरकोळ वाटणारी गोष्ट. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या ट्रान्स्फेरिन ग्राही नावाच्या प्रथिनाला धरून आत येतो, त्यावर कुत्र्यात एक जादा शर्करासाखळी असते. विषाणूच्या कवचातले थोडे बदल त्या अडसराला पुरून उरले.

आता शेवटचा विषाणू, केनल कफ या खोकल्याला हातभार लावणारा पॅराइन्फ्लुएंझा. याचेही हत्यार व्ही प्रथिनच, पण हे स्टॅट-१ला नुसते अडवत नाही, पेशीच्याच मोडीत काढणाऱ्या यंत्रणेकडे पाठवून त्याचे तुकडे करवते. कुत्र्यात, माणसात हे जमते. उंदरात जमत नाही, कारण या कामात लागणारे उंदराचे स्टॅट-२ थोड्या वेगळ्या घडणीचे आहे. हत्यार प्रत्येक घरच्या कुलपाला लागू पडतेच असे नाही.

मागचे पाय तात्पुरते लुळे पडलेल्या एका कुत्र्याच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून या विषाणूचा एक वाण मिळाला होता, सीपीआय-प्लस. तो जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या दुसऱ्या कुत्र्याला दिला आणि पुढे त्याच्या मेंदूतून विषाणू परत काढला, तर हाती आला बदललेला वाण, सीपीआय-मायनस. व्हीमधल्या मोजक्या बदलांमुळे त्याला स्टॅट-१ मोडता येत नव्हते. म्हणजे याने हत्यार गमावले होते, आणि तरी मेंदूत टिकला होता हाच. इंटरफेरॉनचा निरोप पोचल्यावर पेशीने त्याचा कारभार मंदावला, त्याची प्रथिने कमी झाली, अनुवंशिक द्रव्य पेशीद्रवात गुठळ्या होऊन पडून राहिले. पृष्ठभागावर विषाणूची खूण उमटेनाशी झाली, की विषाणू शिरलेल्या पेशी टिपून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे मारेकरी टी-पेशींना, अशी पेशी ओळखणे अवघड जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतही सीपीआय-मायनस असाच दीर्घकाळ राहिला. एकाच थाळीत काही पेशींत तो जोरात, तर शेजारच्या पेशींत जवळपास मुका.