बुधवारी सकाळी नेट का मंदावते?

महिन्यातला दुसरा मंगळवार उलटला की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या एखाद्या शाळेच्या संगणक खोलीत बुधवारी सकाळी डोकावून पाहावे. पंधरा संगणक सुरू होतात, मुले जागेवर बसतात, आणि समोर पान काही उघडत नाही. राऊटरचे दिवे लुकलुकत असतात, म्हणजे लाईन चालू आहे. पावसाळा असला तर दोष पावसावर जातो, नसला तर रस्ता खणणाऱ्यांवर. खरे कारण त्याच खोलीत असते. पंधराही यंत्रे एकच अपडेट आपापले, वेगवेगळे उतरवून घेत असतात.

हिशेब साधा आहे. एका यंत्राचे अपडेट 200 एमबीचे धरले तर पंधरांचे 3 जीबी झाले. 512 केबीपीएसच्या लाईनवर त्याला तेरा तास लागतात, आणि तेही दुसऱ्या कोणी त्या लाईनला हात लावला नाही तर. आज वेग वाढला आहे, पण अपडेटही त्याच्या बरोबरीने फुगले आहेत.

बुधवारच का, याचे उत्तर 2003 सालात आहे. 2001 मध्ये कोड रेड आणि निमडा या वर्म्सनी, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमनी, जगभरच्या संगणकांत धुमाकूळ घातला होता. 2003 च्या 11 ऑगस्टला ब्लास्टर आला. त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाईल, मायक्रोसॉफ्टने 16 जुलैलाच काढला होता, पण असंख्य लोकांनी तो घातलाच नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कंपनीने सुरक्षेचे पॅच महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी काढायला सुरुवात केली. ते निघतात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. आपल्या शाळा-कचेऱ्यांतली यंत्रे तेव्हा बंद असतात. ती उठतात बुधवारी सकाळी, सगळी एकदम, ऐन कामाच्या वेळी.

मी अपडेटच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. ब्लास्टरचे दिवस ज्याने पाहिले, तो अपडेटला नको म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की ते कधी आणि किती उतरावे हे ज्याच्या खिशातून डेटा जातो त्याला विचारले पाहिजे. आणि एके काळी ते आपल्याच हातात होते.

विंडोज 95 तेरा फ्लॉपींवर मिळायची. भारतात लोकांसाठी इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, व्हीएसएनएलकडून, टेलिफोनच्या तारेवरून. त्या काळी अपडेट ‘यायचे’ नाही, ते आणावे लागायचे. संगणक मासिकांसोबत सीडी मिळायच्या, त्यात अँटीव्हायरसच्या नव्या फाईली आणि सर्व्हिस पॅक, म्हणजे अनेक दुरुस्त्यांचे गठ्ठे, असत. एकाने म्हापशाहून मासिक आणले की ती सीडी अख्ख्या वाड्यात फिरायची. ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, पूर्ण फाईल सुमारे 266 एमबीची. डायल-अपवर ती उतरवायला पंधरा तास, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. सीडीला पर्यायच नव्हता.

त्याच 2004 सालच्या ब्रॉडबँड धोरणाने 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले. मग बीएसएनएलचे डेटावन आले. दिवसा मोजून मिळणारा डेटा, आणि काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 अमर्याद. मी तेव्हा पावणेदोनचा गजर लावायचो. घर झोपलेले, मी अंधारात मॉडेमसमोर, दिवा लाल-हिरवा होण्याची वाट बघत. ढग गडगडू लागले की आई आतून हाक मारायची, ‘तार काढ रे आधी!’ फोनच्या तारेतून वीज शिरून मॉडेम जळणे हे आपल्याकडे नवे नाही. तार काढायची, डाउनलोड अर्धे राहायचे. तरी ते काम आपल्या मर्जीने, आपल्या वेळेला होत होते.

ही मर्जी हळूहळू गेली. यंत्रे सतत जोडलेली राहू लागली, तसे अपडेट पाठीमागे, न सांगता उतरू लागले. टोक गाठले गेले 2015 मध्ये. विंडोज 10 ज्यांनी मागितलीच नव्हती, अशांच्या संगणकांतही तिच्या कित्येक जीबींच्या फाईली आधीच उतरवून ठेवल्याचे उघड झाले. शिवाय घरगुती आवृत्तीत एक सोय मुळातच चालू होती: तुमचा संगणक उतरवलेले अपडेट इंटरनेटवरून अनोळखी संगणकांनाही पाठवायचा. म्हणजे डेटा येतानाही तुमचा आणि जातानाही तुमचाच. ‘मीटर्ड कनेक्शन’ची, म्हणजे इथला डेटा मोजून मिळतो हे संगणकाला सांगणारी, खूण 2012 पासून विंडोजमध्ये होती, पण ती आपण शोधून लावायची, आणि तारेच्या जोडणीला ती मिळायला 2017 उजाडले.

गेल्या चवथीला आमच्याकडे हेच झाले. पुतण्या पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला आणि माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बसला. आम्ही गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधत होतो. बोटीवर असलेला भाऊ आरतीला व्हिडिओ कॉल करणार होता. आरतीच्या आधीच मेसेज आला, दिवसाचा दीड जीबी संपला. पोराने काही पाहिले नव्हते, फक्त ईमेल उघडला होता. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधे वायफाय दिसले आणि त्याने तुंबलेली सगळी अपडेट ओढून घेतली. भावाचा चेहरा पडद्यावर थिजला तो तसाच राहिला. गणपतीसमोर आईने फोन किती वेळ धरून ठेवला होता, ते मी विसरणार नाही.

यावर उपाय सापडायचा होता असेही नाही. फाईलचा फक्त बदललेला भाग पाठवणारा आरसिंक हा प्रोग्रॅम 1996 चा. तशाच कामाचा बीएसडिफ 2003 चा. गुगल प्लेने ॲपचा फक्त बदल पाठवायला 2012 मध्ये सुरुवात केली. एका यंत्राने उतरवून बाकीच्यांना वाटण्याची मायक्रोसॉफ्टची यंत्रणा 2002 पासून होती, पण तिला सर्व्हर लागतो, आणि खेड्यातल्या शाळेकडे तो कुठून असणार? विंडोज 10 पासून मात्र सर्व्हरशिवायही जमते. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये जाऊन वाटप फक्त स्थानिक नेटवर्कपुरते ठेवले, तर बराचसा भाग शेजारच्या यंत्राकडून मिळतो आणि बाहेरच्या लाईनवरचा भार उतरतो. त्याच पानावर पुढे डाउनलोडच्या वेगाला मर्यादाही घालता येते.

मार्च 2020 मध्ये सगळे जग घरात बसले. तेव्हा सोनीने युरोपात प्लेस्टेशनचे डाउनलोड मंद केले, आणि संगणकावरचे खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने काही दिवस न खेळलेल्या खेळांचे अपडेट कमी गर्दीच्या वेळेवर ढकलले. निर्णय व्हायला काही दिवस पुरले. इकडे सत्तरी-सांग्याची मुले त्याच पावसाळ्यात रेंजसाठी डोंगर चढत होती, आणि त्यांच्या हातातल्या फोनला दिवसाचा डेटा मोजूनच मिळत होता.