कागदपत्रं हरवलेला संगणक कसा वाचायचा?

१९७६ साली आलेल्या केआयएम-१ या सिंगल-बोर्ड संगणकासोबत त्याची सर्किट आकृतीही मिळायची. पण पुढच्या काळात यंत्रं चालवण्यासाठी घडवलेल्या कितीतरी बोर्डांचे कागद आज कुठेच सापडत नाहीत. तरी असा बोर्ड समजून घेता येतो. त्याचा पुरावा दोन जागी शिल्लक असतो: बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमध्ये (ट्रॅकमध्ये) आणि रॉम या कायमस्वरूपी मेमरीतल्या प्रोग्रॅममध्ये.

वीज जोडायची घाई करू नये. आधी चिपांवरचे आकडे वाचावेत. ‘८२३१’ म्हणजे बहुधा १९८२ चा ३१वा आठवडा. बोर्डाला ठेका देणारा क्रिस्टल २.४५७६ मेगाहर्ट्झचा असेल, तर त्याला २५६ने भागून पाहा. बरोबर ९६०० येतात. एकेक बिट पाठवणाऱ्या सिरियल पोर्टचा हा नेहमीचा वेग, म्हणजे बोर्डावर तसा पोर्ट असण्याची दाट शक्यता. झेड८० प्रोसेसरची ११वी पिन ५ व्होल्टची आणि २९वी ग्राउंडची. तिथून मल्टिमीटर लावत गेलं की पॉवर कनेक्टरच्या पिना उलगडतात.

ईप्रॉमची, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या पुसता येण्याजोग्या रॉम चिपची, प्रत मात्र अगदी सुरुवातीलाच काढून ठेवावी. तिच्यातली माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत असतो. बोर्ड पुन्हा दुरुस्त होऊ शकतो, पुसलेला प्रोग्रॅम परत येत नाही.

आता माझ्या मते या कामातला सर्वांत सुंदर भाग. झेड८० ला मेमरीचे ६५,५३६ पत्ते दिसतात. त्यातला कुठला पत्ता कुठल्या चिपचा, हे बहुतेकदा ७४एलएस१३८ हा डीकोडर ठरवतो. त्याच्या १, २, ३ या पिना प्रोसेसरच्या ए१३, ए१४, ए१५ या पत्त्याच्या तारांना जोडलेल्या सापडल्या, की सगळी मेमरी ८ केबीच्या आठ भागांत वाटली गेली हे कळतं. १५व्या पिनेचा ट्रॅक ईप्रॉमच्या चिप सिलेक्टला, म्हणजे तिला निवडणाऱ्या पिनेला, पोहोचला, तर ईप्रॉम ०००० पासून सुरू होते. हे जुळतंही, कारण रीसेटनंतर झेड८० पहिली आज्ञा तिथूनच उचलतो. ईप्रॉम २७१६, म्हणजे फक्त २ केबीची असेल आणि उरलेल्या पत्त्याच्या तारा कुठेच तपासल्या जात नसतील, तर तोच मजकूर त्या ८ केबीत चार वेळा दिसतो. ही चूक नसते. डिझायनरने एक चिप वाचवलेली असते.

पण ट्रॅक फक्त जोडणी दाखवतात, तिचा वापर प्रोग्रॅम सांगतो. समजा सुरुवातीलाच ‘३ई ८२ डी३ ०३’ हे (सोळाच्या पायावर लिहिलेले) बाइट आहेत. अर्थ असा: ८२ ही किंमत पोर्ट ०३ वर पाठव. बोर्डावर ८२५५ ही ए, बी, सी असे तीन पोर्ट असलेली इनपुट-आउटपुट चिप असेल आणि तिचे पत्ते ०० ते ०३ असतील, तर ०३ हे तिचं कंट्रोल रजिस्टर, आणि ८२ने बी पोर्ट इनपुट, तर ए आणि सी आउटपुट होतात. मग मल्टिमीटर घेऊन १८ ते २५ या बी पोर्टच्या पिनांचा माग काढावा. त्या कीपॅडकडे गेल्या, तर ट्रॅक आणि प्रोग्रॅम एकच गोष्ट सांगत आहेत. त्या कुठल्या मोटरच्या ड्रायव्हरकडे निघाल्या, तर आपलंच एखादं अनुमान चुकलंय. डीकोडरपासून पुन्हा तपासायला हवं.

हे जुळलं की स्वतःचा छोटा प्रोग्रॅम दुसऱ्या ईप्रॉममध्ये भरावा: ए पोर्ट डिस्प्लेला जोडलेला असेल, तर त्याचा एकेक बिट चालू-बंद करायचा आणि डिस्प्लेचा कुठला सेगमेंट उजळतो ते वहीत टिपत जायचं.