किरणोत्सर्गाची पहिली साक्ष रक्तात

किरणोत्सर्गाचा मोठा मारा झालेल्या माणसाला पहिल्या काही तासांत मळमळते, उलट्या होतात आणि एक-दोन दिवसांत हे सारे ओसरून त्याला चक्क बरे वाटू लागते. या बरे वाटण्यावर विसंबणे घातक ठरते, कारण याच काळात त्याच्या हाडांमधल्या अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होण्याचे काम जवळजवळ थंडावलेले असते.

आयनीकारक, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवणारे, किरण पेशीतून जाताना डीएनएचे धागे तोडतात, कधी थेट, तर कधी पेशीतल्या पाण्यापासून मुक्त मूलके (चटकन रासायनिक क्रिया करणारे अस्थिर कण) निर्माण करून. अशी जखमी पेशी काही काळ तग धरते, पण विभाजनाची वेळ आली की अनेकदा मरते. म्हणूनच अखंड विभाजन चालू असलेल्या मज्जेला सर्वांत आधी झळ बसते. रक्तात आधीच उतरलेल्या पेशी मात्र आपले आयुष्य पुरे करतात: तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट ८ ते १० दिवस, तर जंतूंचा सामना करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी त्याहूनही कमी. जुना साठा संपत येतो तसा आधी जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव डोके वर काढतात, अशक्तपणा मागाहून येतो.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी याला अपवाद आहेत. एरवी त्या फारशा विभागत नाहीत, तरीही किरणांनी लगेच मरतात आणि एक-दोन दिवसांतच त्यांची संख्या झपाट्याने घसरते. म्हणून डॉक्टर दर काही तासांनी रक्त तपासतात आणि घसरणीच्या वेगावरून शरीराने सोसलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचा अंदाज बांधतात. उरलेल्या लिम्फोसाइट प्रयोगशाळेत सुमारे दोन दिवस वाढवून त्यांची गुणसूत्रे पाहिली, तर आणखी नेमकी साक्ष मिळते. निरोगी गुणसूत्राला एकच कंबर, म्हणजे आवळलेला भाग (सेंट्रोमिअर), असते. तुटलेली दोन गुणसूत्रे चुकीची सांधली गेली की दोन कमरांचे गुणसूत्र दिसते. शेकडो पेशींमधून अशी गुणसूत्रे एकेक करून मोजत, मोजणीयंत्र जवळ नसलेल्या माणसाने किती किरणोत्सर्ग सोसला हे ठरवता येते, ही मला या शास्त्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

मज्जेचा हा तीव्र आजार साधारण १ ग्रेच्या (ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आसपास दिसू लागतो, आणि उपचारांविना ४ ग्रेच्या सुमारास निम्मे रुग्ण दगावू शकतात. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा याच्या दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून आवश्यक तपासणी भीतीपोटी टाळणे योग्य नव्हे. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातात १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग आजार झाला आणि त्यांतले २८ जण पहिल्या काही महिन्यांत मरण पावले. अनेकांच्या त्वचेवरील भाजण्याने मज्जेचे दुखणे अधिकच बिकट केले होते. वाचलेल्यांच्या रक्तातही धोका उरतो: हिरोशिमा आणि नागासाकीत रक्ताच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण स्फोटानंतर काही वर्षांनी दिसले, आणि लहान वयात किरण सोसलेल्यांना तो धोका अधिक होता.

उपचारांत प्रतिजैविके, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींच्या वाढीला चालना देणारी औषधे देऊन मज्जा सावरेपर्यंतचा काळ निभावून न्यावा लागतो. शरीराचा एखादा भाग भिंतीआड राहिला असेल, तर तिथल्या हाडांतल्या मूळ पेशी वाचतात, आणि त्या थोड्याशा पेशींपासूनही काही आठवड्यांत रक्त पुन्हा तयार होऊ लागते.